पाठीमागून येणारा उजेड : खोडद ते बर्र

(संघटनेच्या वार्षिक स्नेहमेळाव्यात, डब्लिन येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)





मी व्यवसायाने डॉक्टर. त्यामुळे कार्यकारिणीने मला बोलावयास सांगितले तेव्हा रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकार यांपैकी एखादा विषय मी निवडीन, अशी अपेक्षा असणे स्वाभाविक होते. तो विषय पुढील वर्षासाठी राखून ठेवू. आज मी आकाशाविषयी बोलणार आहे. मी खगोलशास्त्रज्ञ नाही. एक जिज्ञासू वाचक एवढीच माझी पात्रता आहे. तथापि हा विषय घेण्यास एक निमित्त घडले, ते प्रथम सांगतो.

माझे गाव जुन्नर तालुक्यात, नारायणगावच्या पंचक्रोशीत आहे. गेल्या खेपेस गावी गेलो असता माझे चुलतबंधू मला म्हणाले, "दादा, तू डॉक्टर आहेस. दवाखान्याचा उपयोग आम्हांला कळतो. पण खोडदला त्या एवढ्या मोठ्या ताटल्या उभ्या आहेत, त्यांनी आजवर काय शोधले, ते कोणी आम्हांला नीट सांगेल का?" मी वैद्यकीय शिक्षण घेत होतो त्याच काळात त्या ताटल्या एकेक करून उभ्या राहिल्या. एस.टी.च्या खिडकीतून मी त्या पाहिल्या होत्या. परंतु बंधूंच्या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. याची मला लाज वाटली. त्यानंतर वर्षभर जे वाचले, समजून घेतले, ते आज आपणासमोर मांडीत आहे. ही स्मरणिका मी गावीही पाठविणार आहे.

ज्यांना आपण खोडदच्या ताटल्या म्हणतो, ती महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण होय. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत पसरल्या आहेत. त्यांपैकी १४ मध्यभागी एकत्र असून उरलेल्या १६ इंग्रजी 'वाय' अक्षराच्या आकारात तीन दिशांना गेल्या आहेत. पत्र्याऐवजी ताणलेल्या पोलादी तारांची जाळी वापरल्यामुळे त्या हलक्या व स्वस्त झाल्या. ही कल्पना प्रा. गोविंद स्वरूप (१९२९-२०२०) यांची. या दुर्बिणीला प्रकाश दिसत नाही; तिला आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी ऐकू येतात असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

आता आपण राहतो त्या देशाकडे वळू. ऑफली परगण्यातील बर्र या गावी, तेथील किल्ल्याच्या बागेत, १८४५ साली लॉर्ड रॉस यांनी सहा फूट व्यासाच्या धातूच्या आरशाची दुर्बीण उभारली. त्याच वर्षी तिच्यातून त्यांना एका तेजोमेघाचा भोवऱ्यासारखा आकार दिसला. तो तेजोमेघ म्हणजे आपल्या आकाशगंगेबाहेरची एक दीर्घिका आहे, हे पुढील शतकात समजले. १९१७ पर्यंत जगात याहून मोठी दुर्बीण नव्हती. त्याच बागेत जुलै २०१७ मध्ये एक रेडिओ दुर्बीण सुरू झाली. नेदरलँड्समध्ये केंद्र असलेल्या आणि युरोपातील अनेक देशांत पसरलेल्या 'लोफार' या रेडिओ जाळ्याचे ते आयर्लंडमधील ठाणे. मी कुटुंबासह तेथे गेलो तेव्हा माझ्या मुलीने विचारले, "बाबा, दुर्बीण कोठे आहे?" कारण तेथे ताटली नाही, नळी नाही, गवतात मांडलेल्या काळ्या चौरस पेट्या आणि काही खांब एवढेच दिसते. खोडद आणि बर्र यांचे रूप वेगळे, पण काम एकाच जातीचे : लांब तरंगलांबीच्या रेडिओलहरी टिपणे.

या लहरी पाठविणाऱ्यांपैकी फार महत्त्वाच्या म्हणजे रेडिओ दीर्घिका. दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा समूह. काही दीर्घिकांच्या केंद्रातील प्रचंड कृष्णविवर आपल्याभोवतीचे द्रव्य गिळताना त्याचा काही अंश दोन विरुद्ध दिशांना झोतांच्या रूपाने बाहेर फेकते. हे झोत दीर्घिकेच्या फार बाहेरपर्यंत जातात आणि तेथे त्यांचे मोठे फुगवटे तयार होतात. डोळ्यांना ते दिसत नाहीत, परंतु रेडिओलहरींत ते तेजाने चमकतात. सप्टेंबर २०२४ मध्ये अशा एका जोडीचे वृत्त प्रसिद्ध झाले. शास्त्रज्ञांनी तिला 'पॉर्फिरिऑन' हे नाव दिले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तिची लांबी सुमारे २ कोटी ३० लाख प्रकाशवर्षे आहे. ती सापडली लोफारच्या नकाशांत. ते झोत नेमक्या कोणत्या दीर्घिकेतून निघाले, हे शोधण्यासाठी वापरली गेली खोडदची दुर्बीण. आणि त्या दीर्घिकेचे अंतर, सुमारे साडेसात अब्ज प्रकाशवर्षे, मोजले गेले हवाई बेटांवरील केक दुर्बिणीने. माझ्या जन्मभूमीतील ताटल्या आणि ज्या जाळ्यात माझ्या कर्मभूमीचे ठाणे आहे ते जाळे, अशी दोन्ही एका शोधात एकत्र आलेली वाचून मला जो आनंद झाला, तो आपणही समजू शकाल.

पण या उदाहरणातच अडचणही दडलेली आहे. अंतर मोजण्यासाठी तिसरी, प्रकाश पाहणारी दुर्बीण का लागली? रेडिओ दीर्घिकेचा आवाज ऐकू येतो, परंतु ती किती दूर आहे हे सहसा त्या आवाजावरून कळत नाही. मंद वाटणारा आवाज जवळच्या अशक्त दीर्घिकेचा असेल, किंवा फार दूरच्या बलाढ्य दीर्घिकेचाही असेल. अंतरासाठी तिच्या प्रकाशाचा वर्णपट घ्यावा लागतो. विश्वाच्या प्रसरणामुळे वर्णपटातील रेषा तांबड्या टोकाकडे सरकतात. या सरकण्याला ताम्रसृती म्हणतात, आणि तिच्यावरून अंतर काढतात. हे एका रुग्णाची संपूर्ण तपासणी करण्यासारखे आहे. एका रुग्णाची करता येते. लाखोंची कशी करणार? २०१९ मध्ये लोफारच्या सर्वेक्षणाचा पहिला भाग प्रसिद्ध झाला. आकाशाच्या अवघ्या ४२४ चौरस अंशांत त्यात सव्वातीन लाख रेडिओ स्रोत होते. त्यांपैकी जेमतेम निम्म्यांच्या अंतराचा अंदाज बांधता आला, आणि तोही बहुतांशी रंगांवरून. उरलेले इतके अंधुक की, प्रकाशात त्यांचा माग लागणे कठीण.

दूरच्या रेडिओ स्रोतांचे मोजमाप ही आपल्याकडील शास्त्रज्ञांना नवी गोष्ट नाही. खोडदच्या आधी, १९७० साली, प्रा. स्वरूप यांनी उटीच्या डोंगरउतारावर ५३० मीटर लांबीची रेडिओ दुर्बीण उभारली. तिची युक्ती मोठी साधी होती. चंद्र आकाशात सरकताना एखाद्या रेडिओ स्रोताच्या आड येतो. स्रोत झाकला जाताना त्याचा आवाज कसा मावळतो, यावरून त्या स्रोताचा आकार काढता येतो. अशा रीतीने हजाराहून अधिक स्रोतांचे आकार मोजले गेले. १९७५ साली स्वरूप आणि त्यांचे सहकारी विजय कपाही यांनी दाखविले की, मंद, म्हणजे सरासरीने दूरच्या, रेडिओ स्रोतांचे आकार जवळच्यांशी ताडून पाहता विश्व पूर्वी आजच्यासारखे नव्हते. ते बदलत आले आहे.

हा निष्कर्ष 'विश्व सदैव सारखेच आहे' या स्थिर-स्थिती सिद्धांताच्या विरोधात जाणारा होता. त्या सिद्धांताचे एक प्रमुख पुरस्कर्ते होते आपले कोल्हापूरचे डॉ. जयंत नारळीकर (१९३८-२०२५). पुढे १९८८ साली नारळीकरांनी पुणे विद्यापीठाच्या परिसरात 'आयुका' ही संस्था उभी केली. खोडदची दुर्बीण चालविणारे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रही त्याच परिसरात, शेजारीच आहे. विश्वाच्या इतिहासाविषयी दोन मते मांडणारे हे दोघे ज्येष्ठ शास्त्रज्ञ असे शेजारी-शेजारी काम करीत राहिले. मतभेदाचा निवाडा पद, वय किंवा वजन पाहून करावयाचा नसतो, तो मोजमापाने करावयाचा असतो, हे दोघांनाही मान्य होते. एवढी एक गोष्ट जरी आपल्या मुलांनी या दोघांकडून घेतली, तरी पुष्कळ झाले.

चंद्राची युक्ती म्हणजे स्रोताच्या पुढे काही तरी आडवे येऊ देणे. आता जी नवी रीत मी सांगणार आहे ती याच्या नेमकी उलट आहे. तिच्यात उजेड पाठीमागून येतो.

१९६४ साली अमेरिकेतील न्यू जर्सी येथे पेन्झियस आणि विल्सन या दोघांना आपल्या अँटेनात एक खरखर ऐकू आली. आकाशात कोठेही रोख धरा, ती सारखीच. अँटेनात घरटे केलेल्या कबुतरांची विष्ठाही त्यांनी साफ करून पाहिली. खरखर गेली नाही. ती विश्वाच्या बाल्यावस्थेतील उजेडाची शिल्लक होती. विश्वाचे वय आज सुमारे १३.८ अब्ज वर्षे आहे. ते अवघे ३ लाख ८० हजार वर्षांचे असताना हा उजेड मोकळा झाला आणि तेव्हापासून प्रवास करीत आहे. प्रसरणामुळे तो आता इतका थंडावला आहे की, त्याचे तापमान निरपेक्ष शून्याच्या केवळ २.७ अंश वर आहे. यालाच वैश्विक सूक्ष्मतरंग पार्श्वभूमी म्हणतात. आपल्या लहानपणी कार्यक्रम संपल्यावर दूरचित्रवाणी संचावर ज्या 'मुंग्या' दिसत, त्यांतही याचा अल्पसा अंश असे. या शोधास १९७८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. नारळीकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी या उजेडाचे वेगळे स्पष्टीकरण देऊन पाहिले. बहुसंख्य शास्त्रज्ञांनी ते स्वीकारले नाही.

हा उजेड सर्व दिशांनी जवळजवळ एकसारखा आहे. फरक आहे तो लाखात एक भाग इतका. या बारीक फरकांचे नकाशे प्रथम 'कोबे', मग 'डब्ल्यूमॅप' आणि पुढे 'प्लँक' या उपग्रहांनी तयार केले. १४ मे २००९ रोजी सुटलेल्या प्लँक उपग्रहात आयर्लंडचाही वाटा आहे. डब्लिनपासून जवळच असलेल्या मेनूथ येथील विद्यापीठाच्या भौतिकी विभागाने त्याच्या एका प्रमुख उपकरणाच्या शिंगाकार अँटेनांवर व प्रकाशिकीवर काम केले.

आता मुख्य मुद्दा. हा उजेड सर्वांत मागून येतो, म्हणजे वाटेतील सर्व दीर्घिकांच्या गर्दीतून तो आपल्यापर्यंत पोहोचतो. वस्तुमान प्रकाशाला किंचित वळविते, हे आइनस्टाइनने सांगितले आहे. जुन्या घरांच्या खिडक्यांना ओबडधोबड काच असे. तिच्यातून बाहेरचे झाड पाहिले की फांद्या जागोजागी वाकड्या दिसत. काच स्वच्छ असल्यामुळे दिसत नसे. पण फांद्यांच्या वाकडेपणावरून काच कोठे जाड आहे, हे सांगता येई. येथे झाड म्हणजे मागचा प्राचीन उजेड आणि काच म्हणजे वाटेतील द्रव्य, ज्याचा बहुतांश अदृश्यच आहे. हा वाकडेपणा सरासरीने अडीच कलांच्या आसपास, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीच्या बाराव्या हिश्श्याइतका असतो. यालाच गुरुत्वीय भिंगाचा परिणाम म्हणतात.

हा परिणाम पार्श्वभूमीच्या नकाशात प्रथम कसा सापडला? रेडिओ दीर्घिकांच्याच साहाय्याने! अमेरिकेतील एका रेडिओ सर्वेक्षणात सुमारे १८ लाख स्रोतांची नोंद झाली होती. २००७ साली शास्त्रज्ञांनी ती यादी डब्ल्यूमॅपच्या नकाशाशेजारी ठेवून पाहिली. जेथे रेडिओ स्रोतांची दाटी, तेथेच मागच्या उजेडात वाकडेपणा अधिक, असा मेळ दिसून आला. २०१३ मध्ये प्लँकच्या नकाशाने हाच मेळ कितीतरी अधिक स्पष्टपणे दाखविला. याचा अर्थ, तो उजेड खरोखरच या दीर्घिकांच्या मागून येतो आणि त्यांच्याभोवतीच्या द्रव्याची खूण अंगावर घेऊन येतो.

मग विचार पुढे गेला. दीर्घिकांवरून भिंग शोधता येते, तर भिंगावरून दीर्घिकांविषयी काही कळेल का? वर्तमानपत्रातील अक्षरांवर भिंग टेकवून ठेवले तर अक्षर मोठे दिसत नाही. डोळा आणि कागद यांच्यामध्ये योग्य जागी धरले म्हणजेच दिसते. तसेच, अगदी जवळच्या दीर्घिका मागच्या उजेडाला फारसे वळवीत नाहीत. हा परिणाम सर्वाधिक होतो तो वाटेच्या साधारण मध्यावर, ज्यांचा प्रकाश आपल्याकडे येण्यास सुमारे १० अब्ज वर्षे लागली अशा द्रव्यामुळे. तेव्हा एखाद्या सर्वेक्षणातील रेडिओ स्रोतांचा या वाकडेपणाशी किती मेळ बसतो, यावरून त्यांच्यापैकी किती जण खूप दूर आहेत याचा अंदाज येतो.

एका तपासणीवर निदान करू नये, हा आमचा वैद्यकाचा नियम. येथेही दुसरी तपासणी आहे : स्रोत आपापसांत किती गटागटाने आहेत हे पाहणे. मोर्चा दुरून पाहिला आणि रांगा मोजक्या असल्या, तर माणसांचे घोळके वेगवेगळे दिसतात. रांगा फार खोलवर असल्या, तर घोळके एकमेकांवर पडून सगळे सपाट दिसते. म्हणजे दाटीचा स्पष्टपणा खोलीविषयी काही सांगतो. दोन्ही तपासण्या एकत्र केल्या की, एकटीला जे सांगता येत नाही ते हाती लागते.

लोफारच्या पहिल्या यादीवर आणि प्लँकच्या नकाशावर हीच रीत वापरून २०२१ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातील मेळ केवळ योगायोगाने दिसण्याची शक्यता सुमारे ३५ लाखांत एक इतकी कमी होती. आणि निष्कर्ष असा की, रंगांवरून बांधलेल्या अंदाजात जितके दूरचे स्रोत दिसत होते, त्याहून प्रत्यक्षात अधिक असावेत. ज्यांची तपासणी करता आली नाही, ज्यांचा माग प्रकाशात लागला नाही, ते मोजणीतून निसटले होते. पाठीमागच्या उजेडाने त्यांची दखल घेतली.

येथे एक सावधगिरीची सूचना देणे माझे कर्तव्य आहे. लोफारच्या या सर्वेक्षणाचे नकाशे मुख्यत्वे नेदरलँड्समधील ठाण्यांवरून तयार झाले. बर्रसारख्या दूरच्या ठाण्यांचा उपयोग बारीक तपशील पाहण्यासाठी होतो. आपल्या गावाचे श्रेय वाजवीपेक्षा फुगवू नये. दुसरे असे की, ही रीत एकेका दीर्घिकेचे अंतर सांगत नाही. ती समूहाचे मोजमाप आहे. साथीच्या रोगात एका रुग्णाच्या तापावरून काही ठरत नाही, हजार रुग्णांच्या नोंदी नकाशावर मांडल्या की पाण्याची दूषित विहीर सापडते, तसेच हे. तिसरे असे की, रेडिओ दीर्घिका द्रव्याच्या दाटीत किती प्रमाणात वसतात आणि हे प्रमाण काळानुसार कसे बदलले, याविषयी एक गृहीत धरावे लागते. गृहीत बदलले तर उत्तरही बदलते. अभ्यास करणाऱ्यांनी ही मर्यादा स्वतःच नमूद केली आहे, आणि त्यामुळेच मला त्यांच्याविषयी अधिक विश्वास वाटतो.

आता चुलतबंधूंच्या प्रश्नाकडे परत येतो. रेडिओ दुर्बिणीला शांतता लागते. मोटारी, यंत्रे, मोबाइल, विजेच्या तारा या सर्वांचा गोंगाट आकाशातून येणाऱ्या क्षीण लहरींना बुडवून टाकतो. म्हणूनच खोडदच्या परिसरात उद्योगांवर मर्यादा आहेत, आणि पुणे-नाशिक रेल्वेमार्गाच्या आखणीतही दुर्बिणीचा प्रश्न पुढे आला. टोमॅटो आणि द्राक्षे पिकविणाऱ्या त्या गावांनी विज्ञानाला आपली शांतता दिली आहे. ती फुकट आलेली नाही. दूर आयर्लंडमध्ये बसून "विज्ञानासाठी एवढे सोसा" असा उपदेश गावाला करण्याचा मला अधिकार नाही. पण ज्यांनी किंमत मोजली, त्यांना त्या किमतीत काय मिळाले, हे त्यांच्या भाषेत समजले पाहिजे, एवढे मी निश्चित म्हणेन. २८ फेब्रुवारीच्या विज्ञानदिनानिमित्त खोडदला प्रदर्शन भरते, शाळांतील मुले मोठ्या संख्येने येतात, ही समाधानाची गोष्ट आहे. मात्र वर्षातून एक-दोन दिवस पुरेसे नाहीत.

आणि केवळ ऐकण्यापुरताच हा हक्क का असावा? या बेटाच्या उत्तर भागातील लर्गनच्या कन्या जोसेलिन बेल यांच्या शाळेत मुलींना विज्ञानाऐवजी गृहशास्त्राच्या वर्गात बसविले जात होते. पालकांनी आक्षेप घेतला तेव्हा त्यांना विज्ञान शिकता आले. १९६७ साली केंब्रिजमध्ये, दूरच्या क्वेसारांचे अतिसूक्ष्म आकार मोजण्यासाठी बांधलेल्या रेडिओ दुर्बिणीच्या नोंदी तपासताना, या विद्यार्थिनीला स्पंदक ताऱ्यांचा शोध लागला. १९७४ चे नोबेल मात्र त्यांच्या मार्गदर्शकांना आणि त्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांना मिळाले. २०१८ मध्ये त्यांना ३० लाख डॉलरचा पुरस्कार मिळाला, तेव्हा ती सर्व रक्कम त्यांनी भौतिकशास्त्रात ज्यांना सहसा संधी मिळत नाही अशा विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांसाठी दिली. आपणास याचा अर्थ अधिक विस्ताराने सांगण्याची आवश्यकता नाही.

बालमित्रांनो, प्लँकचे नकाशे आणि लोफारच्या याद्या आज सर्वांसाठी खुल्या आहेत. त्यांना शुल्क नाही, शिफारस लागत नाही, नाव-गाव कोणी विचारीत नाही. गणित आणि संगणक एवढी तयारी असली की, खोडदच्या शाळेतील मुलगी आणि डब्लिनच्या शाळेतील मुलगा एकाच नकाशावर काम करू शकतात. तुमच्यापैकी कोणी पुढे ते करील आणि मग गावी जाऊन माझ्या चुलतबंधूंना मराठीत समजावून सांगेल, तर आजचे माझे बोलणे कारणी लागले असे मी समजेन. मी त्यांना माझ्या परीने हे पहिले उत्तर पाठवीत आहे.